अठरा फूट राख

बाग करून देणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळावी लागते. गिऱ्हाइकाला बाग नको असते, बाग असल्याचा पुरावा हवा असतो. हे कळायला मला दोन वर्षं लागली. त्याआधी आठ वर्षं मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो आणि पुरावा ही फार वेगळी चीज असते असा माझा समज होता.

दैनिक बंद पडलं तेव्हा पेणजवळ जित्याला वडिलांची थोडी जमीन होती. तिथे रोपवाटिका काढली. पुढे पेणपासून रोह्यापर्यंत बंगले, शाळा, कारखाने यांच्या बागा करून दिल्या. लोक मात्र मला शेवटपर्यंत ‘पेपरवाले’ म्हणत. जास्वंदीचं रोप घ्यायला आलेला माणूस जाताना गटाराची बातमी देऊन जाई.

बाहेरच्याला हा धंदा सोपा वाटतो: माती, रोप, पाणी. पेणच्या खाडीकडच्या भागात पहिल्या वस्तूपाशीच घोडं अडतं. तिथली माती दिसायला काळीभोर, पण उन्हाळ्यात आतलं मीठ वर येतं आणि जमिनीवर पांढरी साय धरते. आम्ही चिमूटभर माती जिभेवर ठेवून पाहत असू. खारट लागली की दोन फूट उकरून लाल माती भरायची, नाहीतर गिऱ्हाईक सोडून द्यायचं. मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या एका अधिकाऱ्यांना खाडीकाठच्या बंगल्यापुढे लॉन हवं होतं. शेजारची मिठागरवाली म्हातारी कुंपणावरून म्हणाली, “आवो सायब, हितं माज्या सासऱ्यानी मीठ पिकवलाय. तुमी गवात काय पिकवताव?” साहेबांनी तिला सांगितलं की हे गवत परदेशी जातीचं आहे. परदेशी जात मार्चपर्यंत टिकली. मग त्यांनी मला विचारलं की वाळलेल्या गवतावर हिरवा रंग मारता येतो का. मी नाही म्हणालो. आता वाटतं, ते काळाच्या बरेच पुढे होते.

कारखान्यांचं काम वेगळं. आवारात अमुक इतकी झाडं हवीत असा नियम होता आणि ती आहेत की नाहीत हे पाहायला अधिकारी येत. ते येणार असल्याचं कारखान्याला आधी कळे आणि लगेच मला फोन येई. मी दोन-तीनशे कुंड्या टेम्पोत घालून नेई. खड्डे करायचे, कुंडी कडेपर्यंत पुरायची, वरून माती सारखी करायची. दोन तासांत दोन वर्षांची बाग तयार. अधिकारी गेले की कुंड्या वर काढायच्या आणि पुढच्या कारखान्याच्या गेटवर न्यायच्या. एक अधिकारी एकाच आठवड्यात तीन कारखान्यांत रंगीत पानांच्या त्याच क्रोटनपाशी थांबले आणि तिन्ही ठिकाणी निगा चांगली राखल्याबद्दल त्यांनी व्यवस्थापनाचं कौतुक केलं. क्रोटनची निगा खरंच चांगली होती. मीच राखत होतो.

रोहा भागात ही पद्धत मी सुरू केली. ते अभिमानाने सांगावं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. पण पुढची हकिकत त्यावाचून सांगता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, एक माणूस रोपवाटिकेत आला. त्याला नारायण घरत म्हणू. खरं नाव लिहिता येत नाही. कारण शेवटी कळेल. वय चौतीस-पस्तीस. रोह्याच्या एका रसायन कारखान्यात बॉयलर अटेंडंट, राहायला वरशाला भाड्याच्या खोलीत, मूळ गाव पेणच्या खारपट्टीत. बाप मिठागरावर होता.

“गुलाबाची तीनशे कलमं द्या. दीडशे लाल, बाकी मिक्स.”

“जागा किती आहे?”

“जागा व्हईल वो! कंपनीच्या गेटापासून वरशाच्या नाक्यापरयंत दोन्ही अंगानी गुलाब. मानसानी शिफ्टला जाताना वास घेत जायचा. मी साहेबाशी बोललोय. कलेक्टरशी पन बोलनार हाय. तुमी फक्त माल काढा.”

तो पाऊण तास बोलला आणि तेवढ्या वेळात एकदाही बसला नाही. माझ्या टेबलावर अशी बातमी आली असती तर दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घेतल्याशिवाय मी ती सोडली नसती. दुकानात तसं करायची पद्धत नाही. मी कलमं मोजून टेम्पोत चढवली.

सहाव्या दिवशी तोच टेम्पो परत आला. मागे गुलाब आणि पुढे ड्रायव्हरशेजारी त्याची बायको, सुनंदा.

“दादा, ही झाडं परत घ्या. आमच्या खोलीला एकच खिडकी हाय, ती पन न्हाणीकडं.”

“ते कुठे आहेत?”

“झोपल्यात. आठ दिवस झोपले नव्हते, आता उठत नायत.”

“दारू?”

“नाय वो. दारू असती तर लोकांनी समजून तरी घेतलं असतं.”

मी झाडं परत घेतली. त्यांतली जगली ती भाड्याच्या कुंड्यांत गेली आणि हिवाळा संपेपर्यंत त्यांनी चार तपासण्या पार पाडल्या. तो माणूस पुढे उठला का, याची चौकशी मी केली नाही.

ते पुढच्या वर्षी आपोआप कळलं. गुलाबांच्या त्याच आठवड्यात घरत मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरून तीन तास कारखाना कसा चालवावा ते समजावत होता. हे तिथे याआधीही लोक करत, पण युनियनमार्फत. त्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं. मग चार-साडेचार महिने तो अंथरुणातच होता. पनवेलचे एक मानसोपचारतज्ज्ञ तेव्हा एक आड एक शनिवारी पेणला येत. सुनंदाने त्याला तिथे नेलं. पूर्वी या आजाराला उन्माद-अवसाद म्हणत. डॉक्टर बायपोलर म्हणत. काही दिवस मन वेगाने वर जातं, काही दिवस तळाला जातं आणि मधला पुष्कळ काळ माणूस चारचौघांसारखा असतो. त्याला लिथियम सुरू झालं. हे एक प्रकारचं मीठच, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर घरत म्हणाला होता, “बापानी जल्मभर मीठ काढलं, आनि मला मिठाचीच गोळी! म्हंजे घरातला धंदा काय सुटत नाय.”

गोळी लागू पडली. वर्षभराने डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नसल्याचं लिहून दिलं. कारखान्याच्या पर्सोनेल मॅनेजरनी ते पत्र दोनदा वाचलं आणि ते म्हणाले, “आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे. पण बॉयलर आहे हो. ड्युटीवर असताना एकदम आलं तर?”

सगळं याच प्रश्नापाशी अडलं होतं. एकदम येतं की येत नाही? घरत, सुनंदा आणि डॉक्टर तिघांनाही उत्तर माहीत होतं. मॅनेजरना ते पटवायचं कसं, हे माहीत नव्हतं.

रोह्यात तेव्हा एक नागरिक मंडळ होतं. रक्तदान, वह्यावाटप, निबंधस्पर्धा हे विषय करून झाले होते. मंडळाने डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. व्याख्यानानंतर इलेक्ट्रिकच्या दुकानाचे मालक उभे राहिले. “डॉक्टर, बायपोलर म्हंजे आपला दोन पोलचा स्विच असतो, तसंच का?” डॉक्टर दिवसभराचे दमलेले होते. ते म्हणाले, “जवळपास.” सभागृहात समाधान पसरलं.

त्या समाधानाच्या भरात मंडळाने ठराव केला: या आजाराची माहिती लोकांना व्हावी म्हणून नदीकाठच्या पट्ट्यात एक बाग करायची. शंभर फूट लांब, वीस फूट रुंद. काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी सुचवलं की आराखड्याला घरतला बरोबर घ्या, आणि उद्घाटनाला पर्सोनेल मॅनेजरना बोलवा. “मी त्यांना त्या बागेतून चालवत नेतो,” ते म्हणाले. “दहा मिनिटांत समजेल.”

मंडळाचे अध्यक्ष अण्णाशेठ. सिमेंटचे पत्रे, पाइप आणि कमोड यांचे घाऊक व्यापारी. जागा पाहायला आम्ही जमलो तेव्हा त्यांचा आराखडा तयार होता.

“पेणला मूर्तिवाले हायत आपल्या ओळखीचे. धा फुटी पुतळा करू. अर्धं तोंड हसरं, अर्धं रडकं. अर्ध्या बागेत फुलं, अर्धी उजाड. मानूस आला की बघताक्षनी कळला पायजे आजार.”

घरत म्हणाला, “शेठ, त्या पुतळ्यापुढं लोक नारळ फोडतील.”

मग त्याने पिशवीतून दोन वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं काढली. सुनंदा त्यांवर दुधाचे खाडे लिहीत असे. त्याच चौकोनांत नवऱ्याचेही खाडे होते: ‘हे उठले नाहीत’, ‘हे जेवले नाहीत’, ‘हे फार हसतात’. बहुतेक चौकोनांत फक्त दूध होतं. घरतने ते सगळे दिवस मोजले आणि शंभर फुटांवर बसवले होते. बॉयलरवाल्याची सवय, त्याला दर तासाला काटा वाचून वहीत आकडा लिहावा लागतो. सात फूट फुलं, अठरा फूट राख, पंचाहत्तर फूट साधं गवत.

“गवत?” अण्णाशेठ म्हणाले. “पंचाहत्तर फूट? गवत बघायला कोन येनार?”

“शेठ, पंचाहत्तर फूट मी तुमच्यावानीच असतो. ते कोन बघत नाय, म्हनून तर ही बाग.”

अण्णाशेठना ‘तुमच्यावानीच’ हे फारसं आवडलं नाही. पण ठराव झाला होता.

मी बऱ्याच बागा केल्या. यापेक्षा अचूक आराखडा माझ्या हातून झाला नाही, आणि हाही माझा नव्हता. फुलांच्या पट्ट्यात झेंडू, कोंबडा आणि झिनिया यांत अजिबात अंतर न ठेवता लावायचे आणि वर युरिया जास्त घालायचा. अशी रोपं आठ-दहा दिवस डोळे दिपवतात, मग एकमेकांना गुदमरवून मारतात. राखेचा पट्टा बॉयलरच्या कोळशाच्या राखेचा. ती घरतच्या जुन्या सोबत्यांनी पोत्यांतून आणून दिली. त्यात तीन पांढरे चाफे. माघात चाफ्याला पान नसतं. नुसत्या बोथट फांद्या उभ्या असतात आणि झाड मेलं असंच कुणीही म्हणेल. ते मेलेलं नसतं. बाकीच्या गवतात एक बाक, एक नळ, एक लिंबाचं झाड.

आणि गवत संपून फुलं सुरू होतात तिथे चार फूट. त्यासाठी घरत माझ्याशी दोन दिवस वाद घालत होता. त्या चार फुटांत झिनियाच्या ओळी हळूहळू जवळ येत जायच्या: दीड फुटावर, मग एक फुटावर, मग वीतभर, मग चार बोटं.

“हे आमचे पंधरा दिवस,” तो म्हणाला. “पयली झोप कमी व्हते. मंग बोलनं वाढतं. मंग खरेदी. पयल्या दोन ओळीतच सुनंदाला कळतं. ती डाक्टरना फोन करते, ते गोळी वाढवतात, मी रजा टाकतो. पुढचं टळतं. काटा काय एकदम वर जात नाय. बॉयलरचा जात नाय नि माजा पन जात नाय. साहेबाला एवढं दिसलं की झालं.”

थोडक्यात, नोकरीसाठी त्याने केलेला अर्ज चार फूट लांबीचा होता.

एकदा मी सहज म्हणालो की तुम्हाला झाडांची जाण आहे. त्याने हात झटकले. “नाय वो. मला झाडांतलं काय कळत नाय नि आवड बी नाय. ते गुलाब मी घेतले काय? आजारानी घेतले.”

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अण्णाशेठ जित्याला स्वतः आले. हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

“पेपरवाले, ती राख झाका.”

“ती राख म्हणजे आजार आहे, शेठ.”

“आजार हाय, ते बरोबर. पन उद्घाटनाला कशाला? चीफ गेस्ट येनार, फोटो निघनार. पाठीमागं राख म्हंजे स्मशान वाटतं वो. नि ते झिनिया पन विरळ लावलेत, टक्कल पडल्यासारखं दिसतं. तुमच्या त्या कुंड्या असतात ना, त्या आना. दोन तासाचा प्रश्न हाय. परवा काढून टाका नि मंग कितीबी राख दाखवा.”

मी घरतला विचारलं पाहिजे, असं म्हणालो. अण्णाशेठ म्हणाले, “त्याला कशाला तरास देता? आजारी मानूस.”

मी घरतला विचारलं नाही. अण्णाशेठ दोन शाळा आणि एका बँकेच्या बागा मला देऊ शकत होते, चीफ गेस्ट म्हणजे ते पर्सोनेल मॅनेजर, त्यांच्या कारखान्याची बाग माझ्याकडेच होती, ही कारणं आहेत आणि खरी आहेत. पण मोठं कारण सवयीचं. कुणी येणार आहे म्हटलं की माझे हात कुंड्या भरू लागत. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात एकशे चाळीस कुंड्या राखेत आणि त्या चार फुटांत कडेपर्यंत पुरल्या. काम सुबक झालं. चाफ्याच्या उघड्या फांद्यांवर मंडळाच्या कार्यकर्त्यांनी झेंडूच्या माळा टाकल्या; त्या माझ्या नव्हेत.

दहा वाजता घरत आणि सुनंदा आले. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खिशात डॉक्टरांच्या पत्राची घडी होती. त्याने बाग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी टेम्पोकडे पाहिलं.

फीत कापली गेली. पर्सोनेल मॅनेजर, डॉक्टर आणि अण्णाशेठ वाटेवरून चालू लागले, मागे शंभरेक माणसं. मॅनेजर मनापासून खूश झाले. “वा! मला वाटलं होतं, काहीतरी डिप्रेसिंग असेल. हा आजार इतका प्रसन्न असेल अशी कल्पना नव्हती.”

डॉक्टर म्हणाले, “आता इथे महत्त्वाचं आहे. या ओळींमधलं अंतर पाहा, कसं...” आणि थांबले. अंतर नव्हतं. तिथे माझे क्रोटन होते. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसला. अण्णाशेठ म्हणाले, “चला, चहा घेऊ.”

तेव्हा घरत खाली बसला. दोन्ही हातांनी एक कुंडी उपसली, नदीकडच्या कठड्यापाशी नेऊन ठेवली. परत आला, दुसरी उपसली. घाई नव्हती, आवाज नव्हता. कुंड्या तो ओळीत ठेवत होता. अकरा झाल्या तेव्हा कुणीतरी ओरडलं.

“आला, आला! झटका आला त्याला!”

“धरा रे! साहेबांना बाजूला घ्या!”

“बायकांनो, मागं सरा!”

दोघांनी त्याचे दंड धरले. सुनंदा पुढे धावली. “सोडा त्यांना! ते काय करतात ते बगा तरी! खाली राख हाय, ती दिसायची होती. कुंड्या कोनी ठेवल्या ते इचारा ना कोनीतरी!”

कुणी विचारलं नाही. मी आठ फुटांवर उभा होतो. ‘प्रत्यक्षदर्शींनी सांगितले’ ही ओळ मी नोकरीत किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. त्या दिवशी मी स्वतः प्रत्यक्षदर्शी होतो आणि काही सांगितलं नाही.

घरत शांतपणे म्हणाला, “मी शुद्धीत हाय. हात सोडा. अजून एकशे एकोनतीस हायत.”

त्याचा आकडा बरोबर होता. लोकांनी मात्र एकमेकांकडे पाहिलं. कुंड्या मोजतो म्हणजे आता शंकाच नाही.

डॉक्टर म्हणाले, “हा माणूस बरा आहे.” मॅनेजर म्हणाले, “डॉक्टर, याला तुम्ही बरा म्हणता?” आणि गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रात दोन परिच्छेद आले: मनोरुग्णाचा उद्घाटनात गोंधळ. बातमी माझ्या जुन्या सहकाऱ्याने लिहिली होती. स्थळ, वेळ, उपस्थितांची नावं सगळं अचूक होतं.

आठ दिवसांनी मॅनेजरनी घरतला बोलावलं आणि मलाही. माझं काय काम, ते तिथे गेल्यावर कळलं.

“घरत, व्यवस्थापनाने तुमच्याबाबत माणुसकीचा निर्णय घेतलाय,” ते म्हणाले. “बॉयलरवर नाही घेता येणार. पण आपली बाग आहे. यांच्या हाताखाली माळी म्हणून काम करा. मोकळी हवा, फुलं. तुम्हाला आवड आहेच.”

“साहेब, माज्याकडं फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट हाय. अकरा वर्सं बॉयलर सांभाळलाय. मला झाडांची आवड नाय.”

“अहो, असं कसं? तीनशे गुलाब घेतले होते तुम्ही. सगळ्या कंपनीला माहीत आहे.”

“ते आजारानी घेतले साहेब. त्याला माळी करा. मला बॉयलरवर घ्या.”

मॅनेजर हसले नाहीत. वाक्य वेड्याचं आहे की शहाण्याचं, हे ते चेहऱ्यावरून तपासत होते. तेव्हा मी बोललो. आठ दिवस उशिरा.

“साहेब, त्या कुंड्या मी पुरल्या होत्या. घरतांच्या आराखड्यात नव्हत्या. तुम्हाला जे दाखवायचं होतं तेच त्या कुंड्यांखाली झाकलं गेलं होतं. म्हणून यांनी त्या काढल्या.”

“माहीत आहे मला,” मॅनेजर म्हणाले. “तुमच्या कुंड्या मी ओळखतो. मागच्या तपासणीला आपल्या गेटपाशी त्याच होत्या.”

“मग त्या काढल्या यात वेडेपणा काय?”

त्यांनी खरोखर विचार केला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, “शहाणा माणूस काढत नाही हो.”

घरतने सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीची घडी केली आणि तो उठला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

बागेतून जनजागृती झाली नाही, असं कुणी म्हणू नये. घरतचं नाव आणि आजार रोह्यात घरोघरी पोचला. नळावर बायका सुनंदाला ‘आज कसे हायत गो तुजे?’ असं विचारू लागल्या आणि उत्तर ऐकायच्या आत कळशी उचलू लागल्या. घरमालकाला खोली अचानक स्वतःसाठी लागली. नदीकाठच्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर लव्हाळा माजला. कोंबडे, झेंडू मेले, राख वाहून गेली, गवत उरलं. लोक त्या गवतावर डबे खात आणि मंडळाने लावलेल्या बागेच्या पाटीवर सदरे वाळत घालत. एप्रिलमध्ये चाफे फुलले, तेव्हा ते पाहायला मंडळाचं कुणी आलं नाही. घरत कुटुंब तालुका सोडून गेलं, एवढंच ऐकलं.

तीनेक वर्षांनी कोलाडच्या बाजूच्या एका लहान कारखान्याने मला मेंदीच्या कुंपणासाठी बोलावलं. तिथले वर्क्स मॅनेजर बोलघेवडे, साधे गृहस्थ. आवार दाखवत ते मला बॉयलरपाशी घेऊन गेले. दारात घरत उभा होता. थोडा जाड झाला होता, कानांवरचे केस पिकले होते.

“हे आमचे घरत. बॉयलर यांच्या ताब्यात. आणि हे बागवाले, पेणचे.”

घरतने माझ्याकडे पाहिलं. नव्या कंत्राटदाराकडे पाहावं तसं. “नमस्कार,” तो म्हणाला.

मी नमस्कार केला आणि माझं नाव सांगितलं.

“घरत, इथे मागच्या बाजूला काय लावावं? तुमचं काय मत?”

“मला त्यातलं काय कळत नाय साहेब.”

“बघा, सरळ माणूस,” वर्क्स मॅनेजर मला म्हणाले. “सोन्यासारखं काम. मागच्या वर्षी तेवढी कावीळ झाली बिचाऱ्यांना. महिनाभर घरी होते. मी निरोप धाडला, घरत, पूर्ण बरे व्हा, घाई करू नका, जागा तुमचीच आहे. पपया पाठवल्या. कावीळ म्हणजे चेष्टा नाही.”

“नाही,” मी म्हणालो.

ऑफिसात फोन वाजला, ते तिकडे गेले. आम्ही दोघंच उरलो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं काहीही त्या दारात बोलता येण्यासारखं नव्हतं.

“आता कशी आहे कावीळ?” मी विचारलं.

त्याने ऑफिसच्या दाराकडे एकदा पाहिलं. “पथ्य हाय. गोळ्या चालू हायत. सुनंदा ध्यान ठेवते.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “हिकडं कोनाला ठाव नाय. तुमी काय बोलू नका.”

“नाही बोलणार.”

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. तो आत गेला, काट्याकडे पाहिलं, वहीत आकडा लिहिला आणि खाली सही केली.